महाबळेश्वरजवळच्या भिलारच्या दादांना, हर्णैहून

दादा, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं, ताई" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. शिवाय आमच्याकडे दापोली-गुहागरच्या बाजूला बरेच जण महाबळेश्वरहून येताना स्ट्रॉबेरीची दोन-चार रोपं हौसेने आणतात आणि पौषापर्यंत ती करपली की "कोकणात हे व्हायचं नाही" म्हणून सोडून देतात. तुम्ही मला सांगितलंत ते त्यांच्याही कानावर जायला हवं.

परसातला एक वाफा आणि काही कुंड्या, एवढाच आमचा पसारा. लागवडीच्या ऐन धांदलीत तुम्ही हातातलं काम ठेवून विंटर डॉन जातीच्या स्ट्रॉबेरीची रोपं निवडून दिलीत, पैसे घेतले नाहीत आणि आधीच स्पष्ट सांगितलंत: तेराशे मीटरवरची थंडी समुद्रकाठी उतरणार नाही. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते तिथल्या हवामातीतल्या फळाला, तीच गोडी हर्णैला धरू नका. डिसेंबर ते फेब्रुवारी जेवढ्या थंड रात्री मिळतील तेवढं पीक. खोटी आशा न लावता रोप देणारा माणूस विरळा. रोपाचा गाभा मातीच्या बरोबर पातळीला हवा, खाली गेला तर कुजतो, वर राहिला तर सुकतो, हे तुम्ही वाफ्यात बोट खुपसून दाखवलंत.

पण मला मनापासून आभार मानायचेत ते पाण्याबद्दल.

दिवाळीनंतर पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या. मधलं पान हिरवंगार आणि कड तेवढी भाजल्यासारखी, बोटाने दाबली की चुरा व्हायची. वाडीत कुणी ऊन लागलं म्हणालं, कुणी बुरशी. दुकानातून पावडरही आली. तुम्हाला फोटो पाठवले तर तुम्ही रोगाचं नावच काढलं नाहीत. एवढंच विचारलंत, "विहीर समुद्रापासून किती लांब? पाणी चाखून बघा."

आमची विहीर पावसाळ्यात गोड असते, पुढे हळूहळू मचूळ होत जाते. माड त्याच पाण्यावर डोलतात, त्यामुळे कुणाच्या ते मनातही आलं नव्हतं. स्ट्रॉबेरी मात्र खाऱ्या पाण्याला फार नाजूक, हे तुम्ही समजावून सांगितलंत. मीठ पाण्याबरोबर पानात चढतं आणि कडेला साचतं, म्हणून आधी कडच जळते. मग तुमचा दुसरा प्रश्न, नारळाच्या सोडणाचा भुसा धुवून घातला होता का? सोडणं खाजणातल्या खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली तर भुशातही मीठ उतरतं. वरच्या वाडीतलं गोडं पाणी आणून कुंड्यांच्या भोकांतून वाहीपर्यंत ओतलं, नंतर रोज थोडं थोडं. जळलेली कड पुन्हा हिरवी होत नाही, नव्या पानाकडे लक्ष ठेवा, असं तुम्ही म्हणाला होतात. नवं पान आलं ते तीनही दळांवर स्वच्छ कातरलेली कड घेऊन. त्याचा फोटो तुम्हाला रात्रीच पाठवला.

तुमच्या शेतात मचूळ पाणी कधी आलं नसेल. तरी तुम्ही आमची विहीर, आमची माती डोळ्यांसमोर आणून विचार केलात. याचं मोल मला रोपांहून जास्त वाटतं.

पुढे फळं एका बाजूने दबकी यायला लागली, तेव्हा मऊ कुंचला फुलावर गोल फिरवायला सांगितलात. मधमाशीचं काम अर्धवट राहिलं की त्या बाजूचा गर भरत नाही, हे त्यातून कळलं. बुलबुलांसाठी बंदरातून जुनं जाळं आणून वाफ्यावर ताणलं. तोडल्यावर स्ट्रॉबेरी पिकत नाही म्हणून देठापर्यंत लाल होईतो दम धरला. पहिलं फळ सासूबाईंनी देवापुढे ठेवलं आणि मग चार फोडी करून वाटलं. थोडं आंबट होतं, पण वास असा की शेजारघरातून विचारणा झाली.

आमच्या पावसात ही रोपं तगायची नाहीत, हेही तुम्ही सांगून ठेवलंय. तेव्हा ऑक्टोबरात पुन्हा आंबेनळी घाट चढून येतोय. शेजारच्या तिघींनीही रोपं मागितली आहेत. त्यांच्या विहिरींचं पाणी मी आत्ताच, वैशाखात, चाखून आलेय. दोघींचं चालेल, तिसरीचं आमच्यासारखंच मचूळ आहे. तिच्यासाठी काय करता येईल ते विचारून ठेवतेय. येताना कोकमाचं आगळ आणि आमसुलं आणते. या खेपेला रोपांचे पैसे मात्र घ्यावेच लागतील.

तुमची,
हर्णैची ताई