चावडीवरच्या शिळेला नावे हवीत : समस्त ग्रामस्थ, मुंबईकर व माहेरवाशिणींना आवाहन

सप्रेम नमस्कार.

चावडीच्या भिंतीतली इंग्रजांच्या काळातली शिळा आपण लहानपणापासून पाहतो आहोत. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि किती कामी आली, एवढेच तिच्यावर कोरले आहे. नाव एकाचेही नाही. तिकडे इराकातल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावरही आपल्या शिपायांचा पलटणवार आकडाच टाकला, नावे अधिकाऱ्यांची. ती नावे आता आपणच लावायची, असे मंडळाने ठरवले आहे.

काम इथवर आले ते वरच्या आळीच्या सुभेदार आबांमुळे. १९७१ ची लढाई पाहिलेला हा माणूस ऐंशीच्या घरात काठी टेकत उंबरे झिजवत राहिला, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या उघडायला लावल्या. सापडलेली मोडी लिपीतली पत्रे गुरुजींनी डोळ्यांचे ऑपरेशन झालेले असतानाही लावून दिली. मस्जिद बंदरात उभा जन्म माथाडी काम केलेल्या अण्णांनी पहिल्याच सभेत पाच हजार रुपये रोख ठेवले आणि नाव पुकारू नका म्हणाले. म्हणून पूर्ण नाव लिहीत नाही, गाव ओळखतेच.

या शोधात कळले ते असे. १०३ व ११० क्रमांकाच्या मराठा पलटणी डिसेंबर १९१५ पासून इराकातल्या कूत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. अन्न संपले, घोडी कापली, तरी कित्येकांनी ते मांस तोंडाला लावायला नकार दिला. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि उरलेले तुर्कांच्या कैदेत गेले. त्यांत आपल्या खालच्या आळीतलाही एक होता. त्याच्या बायकोने मरेपर्यंत कुंकू पुसले नाही, कारण मेल्याचा कागद कधी आलाच नाही. दिरांनी मात्र जमिनीवरचे नाव पुसायला वेळ लावला नाही. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेतल्या केरेनला आणि इटलीत गेलेल्यांच्या घरीही मनीऑर्डरीवर चूल पेटत होती. त्याच महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस हे इंग्रजांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवलेल्या यशवंतराव घाडग्यांचा पुतळा माणगावला आहे. आपल्या माणसांना निदान एक ओळ तरी मिळावी.

आता थोडे कडू. गेल्या वर्षीच्या सभेला खुर्च्या जास्त आणि माणसे कमी होती. देवळाच्या कळसाला दोन दिवसांत वर्गणी जमते, त्याचा आनंदच आहे; पण या कामाला "बघू पुढच्या यात्रेला" हे उत्तर किती वर्षे ऐकायचे? एका घरातले मृत शिपायाचे नाव असलेले ब्राँझचे गोल पदक जुन्या पितळी भांड्यांबरोबर मोडीत गेले. ते घर आम्ही सांगणार नाही. दुसरे जाऊ नये एवढेच.

खर्च : ग्रॅनाइटची पाटी, अक्षरे, चौथरा व शिळेची डागडुजी मिळून अंदाजे ९० हजार, जमा ३१ हजार. रोख ग्रामपंचायतीत किंवा सचिवांकडे, पावती जागेवर. मुंबईकरांनी आपापल्या खोलीप्रमुखाकडे द्यावी. फोटो, पत्रे, पदके, डिस्चार्ज बुक (पलटणीतून सुटल्याचे पुस्तक) दसऱ्याच्या आत आणावीत, मोबाईलवर फोटो घेऊन मूळ वस्तू लगेच परत देऊ. नावाबरोबर वडिलांचे नाव व पलटण माहीत असल्यास लिहा. नसेल तर नुसते नावही चालेल. माहेरवाशिणींनी आजोळची नावेही कळवावीत. अनावरण ४ फेब्रुवारीला, मराठा रेजिमेंटच्या दिवशी. जेवण मंडळातर्फे, तांदूळ कोण देणार ते अजून ठरायचे आहे.

आपला नम्र,
सचिव