किती राहिलं, याचा हिशेब

डेटन, ओहायो
12 ऑक्टोबर 2025

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबांना निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं आई तिच्या मनाने सांगते, म्हणून यंदा कागदावर लिहितेय. "डिग्रीचं किती राहिलं?" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. इथे एकेक कोर्स पास झाला की त्याची ठरावीक क्रेडिट जमा होतात, आणि डिग्रीला अशी एकूण 120 लागतात. 102 पदरात पडली, 9 या सत्रात चालू आहेत आणि 9 जानेवारीच्या सत्रात करायची. तेव्हा मे 2026. तिकीट मेचंच बघा, डिसेंबरचं नको. का ते पुढे सांगते.

बाबा, तुमचा पहिला सवाल असणार की हे आकडे कुणी काढले. कॉलेजच्या साइटवर लॉगिन केलं की 'डिग्री ऑडिट' नावाचं बटण असतं, ते दाबलं की डिग्रीच्या कुठल्या अटी पुऱ्या झाल्या आणि कुठल्या राहिल्या त्याचा कागद येतो. पतसंस्थेत मार्च संपला की तुम्ही ऑडिटरच्या धास्तीने कपाटं उपसत बसायचात. इथे विद्यार्थीच स्वतःचं ऑडिट काढतो, मुलं झोपल्यावर, रात्री अकराला, हवं तितक्या वेळा. आणि हा प्रकार आमच्याच राज्यातला आहे बरं का! जुन्या प्रणालीचं नाव 'डार्स', ती ओहायोतल्याच ऑक्सफर्ड गावातल्या मायामी युनिव्हर्सिटीत तयार झाली. फ्लोरिडातलं मायामी वेगळं आणि इंग्लंडातलं ऑक्सफर्डही वेगळं. आता तिचं नाव बदललंय, पण जुनी माणसं अजून 'डार्स काढलास का?' असंच विचारतात.

कागद दिसतो कसा, तर सगळ्यात वर लाल अक्षरांत एक वाक्य: किमान एक अट अजून पूर्ण झालेली नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा छातीत धस्स झालं होतं. पण एखादी जरी अट रिकामी असली तरी ते ऑडिटवर असतंच. त्याखाली एकेक अट कप्प्यासारखी येते. सर्वांना सक्तीचे सामान्य विषय, मग मुख्य विषय (माझं पब्लिक हेल्थ), मग वरच्या पातळीचे कोर्स, मग ऐच्छिक. शिवाय सरासरी ग्रेड 4 पैकी किमान 2.0 हवी आणि किमान 30 क्रेडिट याच विद्यापीठात मिळवलेली हवीत. कप्पा भरला की हिरवी खूण. चालू कोर्सपुढे 'आयपी', म्हणजे 'इन प्रोग्रेस'. आणि जिथे रिकामं आहे तिथे, 'हवेत: 3 क्रेडिट' आणि खाली कुठल्या कोर्सांतून निवडायचं त्याची यादी. वाचायची सवय लागली की पतसंस्थेच्या ताळेबंदापेक्षा सोपं आहे, बाबांना तर दोन मिनिटांत कळेल.

आता खरी सांगायची गोष्ट. त्या 102 मधली 28 क्रेडिट तुमच्या गोदरेजच्या कपाटातून आलेली आहेत.

माझं लग्न झालं, टी. वाय. राहिलं ते राहिलंच, आणि बाबा नंतर कित्येक वर्षं म्हणायचे, "पोरीची दोन वर्षं पाण्यात गेली." एफ. वाय. आणि एस. वाय.च्या मार्कशीट आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवल्या म्हणून हातात तरी होत्या. पण नुसत्या मार्कशीट चालत नाहीत. कोणत्या विषयात काय शिकवलं, किती तास, प्रॅक्टिकल किती, हे दाखवणारा त्या काळचा सिलॅबस शिक्क्यासह लागतो. तो बाबांनी मिळवून पाठवला. गुडघे दुखत असताना. इथे एका संस्थेने त्याचं विषयवार मूल्यमापन केलं आणि ते कॉलेजकडे गेलं.

ते ऑडिटमध्ये उतरलं त्या दिवशी मी स्क्रीन खाली-वर करत बसले होते. केमिस्ट्रीच्या अटीपुढे हिरवी खूण, आणि कोर्सच्या ओळीत माझं एफ. वाय.चं साल. लॅबसकट धरलंय. बॉटनी मुख्य विषयात बसत नाही, पण ऐच्छिकमध्ये बसली. सक्तीचं इंग्रजी त्यांनी मानलं नाही, ते मला कम्युनिटी कॉलेजात (इथलं दोन वर्षांचं, कमी फीचं सरकारी कॉलेज) पुन्हा करावं लागलं, आणि खरं सांगायचं तर बरंच झालं. फिजिक्सची ती एटीकेटी? ती कुठेच दिसत नाही. नापास विषयाला क्रेडिट नाही, विषय संपला. तेव्हा बाबा, पाण्यात गेलेल्या दोन वर्षांतली जवळजवळ एका वर्षाची क्रेडिट वसूल झाली आहेत.

बाकीची 40 कम्युनिटी कॉलेजातली. ओहायोत एक चांगली सोय आहे, 'ओहायो ट्रान्सफर 36'. सरकारी कॉलेजांमध्ये ठरलेला किमान 36 क्रेडिटचा सामान्य विषयांचा संच एका ठिकाणी पूर्ण केला की दुसऱ्या ठिकाणी तो मान्य होतो. त्यामुळे फी कमी असलेल्या ठिकाणी तो भाग उरकला. 34 या विद्यापीठात येऊन केली.

आई, तुझ्यासाठीही एक बातमी आहे. "तू आहारतज्ज्ञच हो" हा तुझा हट्ट मी गंभीरपणे घेतला होता. ऑडिटमध्ये 'व्हॉट-इफ' म्हणून सोय आहे. विषय बदलला तर काय होईल, हे नुसतं करून बघता येतं, खरं काही बदलत नाही. आहारशास्त्र निवडून पाहिलं तर निम्मे हिरवे कप्पे लाल झाले आणि माझे पब्लिक हेल्थचे कोर्स भाराभर ऐच्छिकमध्ये जाऊन पडले. आणखी दीड-दोन वर्षं लागली असती. तेव्हा तुझ्या मेथीच्या लाडवांवर सल्ला फुकटच मिळेल.

आता डिसेंबर का नाही ते. बाबा म्हणतात, "9 चालू आहेत, तर उरलेली 9 पण याच सत्रात घ्यायची होतीस." नोकरी सांभाळून 18 झेपत नाहीत हे एक. पण मोठी अडचण अशी, की ऑडिट काय राहिलं ते सांगतं, ते कधी मिळेल ते सांगत नाही. शेवटचा कॅपस्टोन, म्हणजे प्रकल्पाचा कोर्स, आमच्या विभागात फक्त जानेवारीत असतो. आणि त्याआधी संख्याशास्त्राचा जो कोर्स लागतो तो मी आत्ता करतेय. माझ्या वर्गातल्या एका मुलाचं ऑडिट जवळपास सगळं हिरवं होतं, एकच कोर्स बाकी, आणि त्या एका कोर्ससाठी बिचारा पुढच्या जानेवारीची वाट बघतोय. म्हणून ऑडिटबरोबर सल्लागार बाईंनाही भेटत राहावं लागतं. एखादा कोर्स चुकीच्या कप्प्यात पडला असेल तर तो हलवायची परवानगीही त्यांच्याकडूनच मिळते.

सगळं हिरवं झालं तरी डिग्री आपोआप येत नाही. पदवीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, त्याला मुदत असते. तो मी भरलाय. नंतर शेवटच्या ग्रेड लागल्या की रजिस्ट्रारच्या कचेरीत माणसं पुन्हा एकदा तपासतात, मगच शिक्कामोर्तब. मधेच नियम बदलले तर काय, असं बाबांनी विचारलं होतं. मी प्रवेश घेतला त्या वर्षाचे नियम मला लागू. आपल्याकडे 'जुना सिलॅबस, नवा सिलॅबस' असायचं ना, तसंच.

आणि बाबा, कृपा करून ऑफिसला फोन करून चौकशी करू नका. 1974 चा कायदा आहे, फर्पा. कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याची माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय ते सहसा आई-बापालाही देत नाहीत, अठरा वर्षांच्या पोरालाही हे लागू आणि एक्केचाळीस वर्षांच्या बाईलाही. ह्यांनासुद्धा सांगणार नाहीत. मला मात्र हा कायदा वीस वर्षांपूर्वी हवा होता.

दादाच्या ओमला हे पत्र वाचून दाखवा. त्याचं एफ. वाय. नव्या शैक्षणिक धोरणात आहे, म्हणजे त्याचीही क्रेडिट 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा होणार. डिजिलॉकरमधून त्या बँकेचा आयडी काढलाय का आणि सत्र संपल्यावर त्यात क्रेडिट चढलीत का, हे त्यानेच बघायला हवं. आता पहिल्या वर्षानंतर थांबलं तरी 40-44 क्रेडिट असतील आणि वर 4 क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप केली तर सर्टिफिकेट मिळतं, तसाच दोन वर्षांनंतर डिप्लोमा. म्हणजे माझ्यासारखं अधेमधे राहिलं तरी हात रिकामे राहत नाहीत. पण त्याला हे शेवटचं वाक्य वाचून दाखवू नका, नाहीतर आत्ताच थांबेल.

बाबांचा पासपोर्ट नूतनीकरणाला या महिन्यातच टाका. मेमध्ये इथे हवा छान असते, एखादा स्वेटर पुरे. प्रवासाच्या विम्याचं मी इथून बघते. आणि त्या मूळ मार्कशीट पुन्हा कपाटातच ठेवा. ओम लॅमिनेट करून देतो म्हणत होता, त्याला करू देऊ नका, नंतर कुठे शिक्का मारून घ्यायचा म्हटलं तर अडवतात.

चकलीच्या भाजणीचं प्रमाण आईने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावं, दिवाळी आठवड्यावर आली.

तुमची,
बेबी