छपरालगतची फट उघडी ठेवायला शिकवणाऱ्या काकूंस

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात थंडीची पहिली रात्र आली, तेव्हा खुराड्याच्या छपरालगतची फट झाकावी म्हणून मी नकळत पोते हातात घेतले आणि तुमची आठवण होऊन ते पुन्हा खाली ठेवले. चार वर्षांपूर्वी याच दिवसांत तुम्ही माझ्या खुराड्यात पहिल्यांदा पाऊल टाकले होते. तुमचे आभार मी तोंडाने अनेकदा मानले आहेत. परंतु परसात नव्याने कोंबड्या पाळणाऱ्या बहुतेकांच्या हातून त्याच चुका होतात हे आता ठाऊक झाल्यामुळे, तुम्ही काय शिकवलेत ते सर्वांसमोर लिहावे असे वाटले.

त्या हिवाळ्यात मी खिडक्यांना आतून प्लास्टिक ठोकले होते, छपराखालची फट चिंध्यांनी बुजवली होती आणि आपल्या नऊ कोंबड्या आता उबेत आहेत या समाधानात होते. आठवडाभरात त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले आणि दोन कोंबड्या शिंकू लागल्या. तुम्ही आलात, दार लावून घेतलेत आणि मला म्हणालात, "इथे बसा, कोंबडीच्या उंचीवर, आणि श्वास घ्या." उभ्याने मला जो वास जेमतेम जाणवत होता, तो जमिनीलगत डोळ्यांना झोंबत होता. प्लास्टिकच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळत होते. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, तिच्या ताज्या विष्ठेत सुमारे तीन-चतुर्थांश पाणीच असते आणि श्वासावाटेही बाष्प बाहेर पडत असते. हे सगळे पाणी बंद खोलीत साठले की गादीतील भुसा ओला होतो आणि त्यातून अमोनिया सुटतो, हे तुम्ही त्या थेंबांकडे बोट दाखवून समजावलेत.

मग तुम्ही स्वतःच्या हाताने चिंध्या काढल्यात. कोंबडीच्या अंगाचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते, पिसे फुलवून ती स्वतःभोवती उबदार हवेचा थर धरून ठेवते आणि म्हणून कोरड्या थंडीला ती सहसा डरत नाही. तिला बाधते ती ओल आणि अंगावर थेट येणारा वारा, एवढे तुमचे सांगणे होते. त्याप्रमाणे आपण फट त्यांच्या डोक्यांच्या बरीच वर, छपरालगत ठेवली, आणि बसण्याच्या गोल काठ्यांऐवजी ५ सेंटिमीटर रुंदीच्या सपाट पट्ट्या लावल्या, जेणेकरून बसल्यावर बोटे पोटाच्या पिसांखाली झाकली जावीत. दहा दिवसांत शिंका थांबल्या. त्या दोन्ही कोंबड्या आजही माझ्याकडे आहेत.

उन्हाळ्याचा धडा मात्र मला एका कोंबडीच्या मृत्यूने मिळाला आणि ती सल अजून आहे. पाण्याचे एकुलते एक भांडे सकाळी सावलीत होते, पण दुपारी ऊन त्याच्यावर सरकले होते. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात; पंख अंगापासून दूर धरून, तुऱ्यावाटे आणि चोच उघडी ठेवून धापा टाकतच ती उष्णता बाहेर टाकते, आणि त्यासाठी तिला एरवीच्या दुप्पट पाणी लागू शकते. तुम्ही मला त्या दिवशी एका शब्दानेही दोष दिला नाहीत. दुसऱ्या सकाळी तुम्ही आणखी दोन भांडी घेऊन आलात आणि ती एकमेकांपासून लांब ठेवलीत, कारण कळपात एखादी दांडगी कोंबडी पाण्यापाशी ठाण मांडते आणि दुबळी तहानलेली राहते. अन्न पचतानाही अंगात उष्णता निर्माण होते, म्हणून खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर घालण्याची सवय तुम्हीच लावलीत.

त्याच दिवसांत अंड्यांची कवचे पातळ येऊ लागली, तेव्हा खाद्य निकृष्ट असावे अशी माझी खात्री झाली होती. खाद्य कमी खाल्ले जाते हे एक कारण होतेच. शिवाय सततच्या धापांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच ज्या कॅल्शियम कार्बोनेटचे बनते त्यालाच तुटवडा पडतो. शिंपल्यांचा चुरा खाद्यात न मिसळता वेगळ्या वाटीत ठेवा, जिला हवा ती खाईल, हा तुमचा सल्ला मी आजही पाळते.

पावसाळ्याबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण तिथे तुमचा एकच नियम पुरेसा ठरला: रोज मूठभर गादी दाबून पाहायची, मूठ उघडताच ती विस्कटली तर ठीक, गोळा राहिला तर भुसा बदलायचा. रक्ती हगवणीचे जंतू उबदार ओलीत दोन-एक दिवसांत संसर्गक्षम होतात, त्यामुळे ही मूठ मी एकही दिवस चुकवत नाही. बुरशीचा वास आलेले खाद्य, कितीही असो, टाकून द्यायचे, हेही तुम्हीच बजावलेत.

आणि करड्या कोंबडीची गोष्ट. दिवस लहान होऊ लागले तशी तिच्या मानेची, मग पाठीची पिसे गळाली आणि तिने अंडी देणे थांबवले. मी औषध आणायला निघाले होते; तुम्ही मला अडवून तिच्या कातडीवर उगवणारे निळसर कोंब दाखवलेत. त्या कोंबांत रक्त असते, हात लागला तरी दुखते, म्हणून तिला उचलू नका, असे तुम्ही सांगितलेत. पिसे मुख्यतः प्रथिनांची बनलेली असतात, त्यामुळे त्या दोन-तीन महिन्यांत तिला अंड्यांसाठी लागतात त्याहून अधिक प्रथिने खाद्यातून द्यायला हवीत, हेही तेव्हाच कळले. दिवा लावून प्रकाश १४ ते १६ तासांपर्यंत वाढवला तर अंडी चालू राहतात हे मी वाचले होते, पण तुमच्या कोंबड्यांची विसाव्यानंतरची तुकतुकी पाहिली आणि दिवा लावायचा नाही असे ठरवले. माझ्या मते परसातल्या कळपासाठी तेच योग्य आहे.

यंदाही तिची पिसे गळाली होती. नवी पिसे पूर्ण भरली असून परवा तिने विसाव्यानंतरचे पहिले अंडे दिले. ते तुमच्यासाठी बाजूला ठेवले आहे. रविवारी घेऊन येईन, आणि सोबत खुराड्यातली मूठभर गादीही आणीन. माझ्या मुठीला ती कोरडी वाटते, तरी एकदा तुम्ही दाबून पाहावी.

आपली कृतज्ञ,
पलीकडच्या घरातली शेजारीण