आडनाव टाकून ज्यांची वंशावळ सापडत नाही

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीतला घरबसल्या वंशावळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरवरचा लेख वाचला, चांगला होता, पण "आडनाव टाका की पिढ्या आपोआप दिसतात" हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. रिटायर झाल्यापासून मी अमेरिकेतल्या जुन्या नोंदींचं इंडेक्सिंग ऑनलाइन वॉलंटियर म्हणून करतो आणि ज्यांचे पूर्वज तिथे गुलाम होते त्यांना आडनाव टाकून जवळजवळ काहीच मिळत नाही.

१८५० आणि १८६० च्या तिथल्या जनगणनेत गुलामांचे तक्ते वेगळे असायचे. त्यात मालकाचं नाव आणि त्याखाली नुसतं वय, लिंग, रंग. बाई, ३५, काळी. मुलगी, ९, काळी. बस्स. यातल्या बहुतेक माणसांची नावं जनगणनेत पहिल्यांदा आली ती १८७० ला, म्हणून शोध घेणारे सगळे १८७० ची भिंत म्हणतात. त्याच्या मागे जायचं तर कागद मालकाच्या नावावर, म्हणजे मृत्युपत्र, गहाणखत, विक्रीची पावती, मालमत्तेची यादी. मालक वारला की बैल, नांगर, भांडीकुंडी यांच्यासोबत माणसंही वारसांत वाटली जायची, लेकीच्या लग्नात आंदण म्हणून दिली जायची, त्यामुळे मालकाच्या सगळ्या गोतावळ्याचीही वंशावळ भरावी लागते, नाहीतर कोणाची आई कुठल्या जावयाकडे गेली ते कधीच कळत नाही.

आणि खरी अडचण इथेच आहे. ही सॉफ्टवेअर नवरा, बायको, मुलं या चौकटीवर उभी आहेत. गुलामांचं लग्न कायदा मानत नव्हता, मग आयुष्यभर एकत्र राहिलेलं जोडपं स्क्रीनवर अविवाहित दिसतं! व्हर्जिनियात १६६२ च्या कायद्याने मूल आईवरून गुलाम ठरायचं, त्यामुळे कागदावर बाप बऱ्याचदा नसतोच. काहीजण मग मालकाला पालक म्हणून टाकतात किंवा त्याचं आडनाव सरसकट सगळ्यांना चिकटवतात, हे मला अजिबात पटत नाही, कारण सुटका झाल्यावर कित्येकांनी वेगळंच आडनाव घेतलं होतं.

याला उपाय आहे आणि तो फुकट आहे. ग्रॅम्प्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कागदाची एक घटना बनवता येते आणि त्या कागदातली सगळी माणसं आपापल्या भूमिकेसह तिला जोडता येतात. उदाहरणार्थ १८३८ ला मेरीलँडच्या जेझुइट पाद्र्यांनी २७२ माणसं लुइझियानात विकायचा सौदा केला, त्यांच्याच जॉर्जटाऊन कॉलेजचं कर्ज फेडायला. विक्री ही एक घटना, तिला विकणारे, घेणारे आणि विकली गेलेली माणसं जोडली की पुढे लुइझियानातल्या एखाद्या नोंदीत एक ओळखीचं नाव आलं तरी त्या माणसासोबत कोण कोण विकलं गेलं होतं ते लगेच समोर येतं. रक्ताचं नातं सिद्ध होत नसलं तरी सोबत विकले गेले, शेजारच्या खोपटात राहिले, एकमेकांच्या लग्नाला साक्षीदार होते ही नाती खरीच आहेत ना, ती भरलीच पाहिजेत. जनगणनेतल्या त्या नऊ वर्षांच्या मुलीचीसुद्धा, नाव माहीत नसलं तरी, स्वतंत्र नोंद करायची आणि पुरावा मिळेपर्यंत तिला कोणाशीही जोडायचं नाही.

फ्रीडमन्स बँकेचे, म्हणजे सुटका झालेल्या गुलामांसाठी काढलेल्या बँकेचे, कागद तर जरूर बघावेत. १८६५ ते १८७४ चालली ती. खातं उघडताना आईबाप, भावंडं आणि बऱ्याचदा जुना मालक कोण हेही विचारून लिहून घ्यायचे, त्यामुळे लांब विकल्या गेलेल्या भावाबहिणींची नावं तिथे सापडतात. या नोंदींतली सुमारे ४ लाख ८० हजार नावं यूटामधल्या तुरुंगातल्या कैद्यांनी कित्येक वर्षं बसून उतरवून काढली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्याकडेही पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. छापील कुलवृत्तांतात मात्र त्या बायका कुठे दिसतात? आता कुलमंडळं कॉम्प्युटरवर माहिती भरतायत, तर ज्या घराण्यांच्या जुन्या कागदात कुणबिणीचा उल्लेख असेल त्यांनी तिचं नाव, किंमत, कोणाकडून आणली, तिची मुलं कोण, हे तिच्या स्वतंत्र नोंदीत भरावं. घरातल्या मोठ्यांना लाज वाटेल, वाटू दे. तुमच्या पुरवणीत यावर एक सविस्तर लेख यावा ही मनापासून विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे