‘एस्किमोंना कर्करोग होत नाही’ हा दाखला आता पुरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कीटो (पिष्टमय पदार्थ जवळपास टाळून चरबीवर भर देणारा आहार) किंवा निव्वळ मांसाहाराची भलामण करणाऱ्या लेखांत एक वाक्य हमखास डोकावतं: ‘एस्किमो जन्मभर मांस आणि चरबी खातात, त्यांना कर्करोग होतच नाही.’ हा समज शंभरेक वर्षांपूर्वीच्या प्रवाशांच्या आणि मिशनऱ्यांच्या टिपणांतून आला. तेव्हा तिथे ऊतक तपासायला सूक्ष्मदर्शक नव्हता, मृत्यूचं कारण लिहून ठेवणारं कुणी नव्हतं, आणि क्षयानं, अपघातानं मरणारी माणसं कर्करोगाच्या वयाला फारशी पोचतही नव्हती. (‘एस्किमो’ हा शब्दही आता टाळलेला बरा. कॅनडा-ग्रीनलंडमधले लोक स्वतःला इनुइट म्हणवतात, अलास्कातले इनुपियाट किंवा युपिक.)

आता नोंदणी काय सांगते ते पाहू. अलास्कातल्या मूळ रहिवाशांची (इनुपियाट, युपिक आणि इतर जमाती) वेगळी कर्करोग नोंदणी १९६९ पासून चालू आहे. २०१८ साली त्यांच्यातला मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचा दर लाखामागे सुमारे ६२ होता. अमेरिकेतल्या गोऱ्यांमध्ये तो ३५ च्या आसपास. मूळ रहिवाशांचा हा दर जगात आजवर नोंदल्या गेलेल्या दरांत सर्वांत वरचा. फुप्फुसाच्या कर्करोगात इनुइट जगात वरच्या पायरीवर आहेत. नाकामागच्या घशाचा आणि लाळग्रंथींचा कर्करोग इतरत्र विरळा, पण त्यांच्यात तो पूर्वापार ठळक. त्यामागे एपस्टाइन-बार विषाणूचा हात असतो. मानेत गाठ, एकाच कानाला दडा, नाकातून वारंवार रक्त, अशी नाकामागच्या कर्करोगाची सुरुवात होते आणि सर्दी समजून महिने जातात. स्तनाचा आणि प्रोस्टेटचा मात्र त्यांच्यात खरोखरच कमी होता. स्तनाचा आता वाढतो आहे.

मग ‘कमी कर्करोग’ दिसतो कसा? नुसती रुग्णसंख्या भागिले लोकसंख्या केली की दिसतो. कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात निम्मी माणसं साधारण पंचविशीच्या आतली, तर देशाचं मध्यक वय चाळिशीपार. कर्करोग मुख्यतः साठीनंतरचा. तरुण समाजात कच्चा दर कमीच येणार. वयप्रमाणित दर (दोन्हीकडची वयरचना सारखी धरून काढलेला) काढला की चित्र उलटतं. चूक उलट्या दिशेनंही होते. आठशे वस्तीच्या गावात एका वर्षी दोनाचे चार रुग्ण झाले तर ‘दर दुप्पट’ ही बातमी होते, खरं तर तो निव्वळ योगायोग असू शकतो. म्हणून अशा ठिकाणी पाच-दहा वर्षांचे रुग्ण आणि अनेक गावं एकत्र करूनच दर काढतात. आपल्याकडे बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून चालते. तिथले आकडे वाचतानाही एका गावापुरतं बोलून भागत नाही.

कारणांत पहिलं नाव तंबाखूचं. नुनावुतमध्ये निम्म्याहून कितीतरी जास्त प्रौढ धूम्रपान करतात. अलास्काच्या युकॉन-कुस्कोक्विम त्रिभुज प्रदेशात सिगारेटच्या जोडीला ‘इक्मिक’ असतो. बर्च झाडाच्या खोडावर वाढणारी लाकडासारखी कडक बुरशी जाळून तिची राख तंबाखूच्या पानात मिसळतात आणि चघळतात. तळहातावर चुना घालून तंबाखू मळणाऱ्याला यातलं रसायन वेगळं सांगायला नको. राख काय, चुना काय, दोन्ही अल्कधर्मी. निकोटिन मोकळं होऊन तोंडाच्या अस्तरातून झपाट्यानं रक्तात जातं. सिगारेटपेक्षा हा ‘नैसर्गिक’, म्हणून गरोदरपणी चालतो, असा समज तिथल्या बायकांतही आहे. मशेरीची आठवण व्हावी!

दुसरं कारण जंतुसंसर्ग. अलास्काच्या मूळ रहिवासी प्रौढांपैकी सुमारे तीन-चतुर्थांशांच्या पोटात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठराला सूज आणणारा जंतू सापडतो. घरं दाटीची असल्यानं उपचारानंतर तो पुन्हा लागतो. जठराचा कर्करोग तिथे गोऱ्यांच्या तुलनेत तिपटीच्या घरात आहे. याच जंतूनं आतड्याच्या तपासणीचाही घोळ घातला. शौचातलं गुप्त रक्त शोधणारी जुनी ग्वायॅक पट्टी कुठल्याही ‘हीम’ला (रक्तातल्या लोहयुक्त घटकाला) निळी होते: जठराच्या सुजेतून झिरपलेल्या रक्तानं होते, कॅरिबू (रेनडिअर) किंवा सीलच्या लाल मांसानंही होते. त्यामुळे खोटे पॉझिटिव्ह फार. त्याऐवजीची फिट चाचणी फक्त मानवी ग्लोबिन (रक्तातलं प्रथिन) ओळखते, आणि जठरातून आलेलं ग्लोबिन वाटेत पचून जातं, म्हणून ती जास्त विश्वासाची. शौचातला डीएनए तपासणारी नवी चाचणी आहे, पण नमुना ठरलेल्या मुदतीत विस्कॉन्सिनच्या प्रयोगशाळेत पोचायला हवा. हवामानानं काही दिवस विमान अडलं की नमुना बाद.

कोलोनोस्कोपीचं (नळीतून आतडं आतून पाहण्याचं) आणखी अवघड. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध घ्यायचं, आणि घरात नळ नाही, संडास म्हणजे पिशवी लावलेली बादली. अशा गावातून माणसाला आधी मोठ्या गावी आणून ठेवावं लागतं. तरीही तिथल्या आदिवासी आरोग्य संस्थेनं तपासणीचं वय ४० ठेवलं आहे. बाकी अमेरिकेत ते २०२१ पासून ४५ आहे. लोकांची भीड मोडायला माणूस आत चालत जाईल एवढं आतड्याचं फुगवलेलं मॉडेल गावोगाव नेतात. ही कल्पना मला फार आवडली.

आणि चरबी-मांसाचं म्हणाल, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या संशयित कारणांत तंतुमय पदार्थांचा तुटवडा आहेच. कीटोवाले ज्या आहाराला कवच ठरवतात, त्याच आहाराकडे संशोधक बोट दाखवतात.

जे जमलं तेही छापावं. यकृताच्या कर्करोगाचं मूळ असलेल्या हिपॅटायटिस बी विरुद्ध अलास्कात १९८० च्या दशकात नवजात बाळांपासून मोठ्यांपर्यंत लस दिली गेली. विशीच्या आतल्या मूळ रहिवाशांत हा कर्करोग १९८४ ते ८८ मध्ये लाखामागे ३ होता. १९९५ ते ९९ मध्ये तो शून्यावर आला.

कीटो करावं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण असा लेख पुन्हा आला तर लेखकाला दोन गोष्टी विचाराव्यात: आकडा कोणत्या नोंदणीतला, आणि तो वयप्रमाणित आहे का.

– एक वाचक, पुणे