एकच टिक

16 नोव्हेंबर 2025, रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

चार महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन निरोप येऊन पडलेत, त्यांनाही उत्तर नाही. रागावला असशील तर तुझं बरोबर आहे. पण आज उपासनेहून आलो आणि सरळ कागद घेऊन बसलो, कारण परवा जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगितलं तरी पोहोचणार नाही. तब्येत ठीक. खोकला होता, गेला. घरी सगळे बरे.

2023 चा फेब्रुवारी तू विसरला नसशीलच. दोन महिने अबोला धरला होतास. 6 तारखेला तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला आणि त्याच आठवड्यात तुझा वाढदिवस. कहरमानमाराशचा तो बाप, ढिगाऱ्यातून बाहेर आलेला मेलेल्या लेकीचा हात धरून बसलेला, त्याचा फोटो तू पाहिलास आणि केक कापायला नाही म्हणालास. ताईनं रात्री जागून केलेला केक. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुझ्या न खाण्यानं तिथल्या कुणाचं पोट भरणार आहे?" तू म्हणालास, "कुणाचं नाही. पण मला गिळवत नाही." आणि उठून गेलास. आम्ही केक संपवला. तुझ्या वाट्याचा तुकडा धाकट्यानं खाल्ला, आणि अबोला सुटल्यावर पहिलं भांडण तू त्या तुकड्यावरूनच काढलंस!

ते सगळं गेले तीन आठवडे माझ्या डोक्यात घोळतंय.

आमच्या वरच्या मजल्यावरचा तो आठवतो ना, ज्याच्याबद्दल लिहिलं होतं, राणी घेतल्याशिवाय कॅरमवरून उठत नाही तो? तो सुदानचा. दारफुरमधल्या अल फाशेरचा. 15 एप्रिल 2023 ला तिथे लष्कर आणि आरएसएफ या निमलष्करी दलात लढाई पेटली, आणि तेव्हापासून त्याला घरी जाता आलेलं नाही. मे 2024 पासून त्याच्या गावाला वेढा पडला होता. त्याची आई गल्लीतल्या सामुदायिक स्वयंपाकघरात काम करायची. शेजाऱ्यांनीच काढलेलं, येईल त्याला एक वाटी. मग धान्य येणं बंद झालं आणि लोक अंबाझ खायला लागले. अंबाझ म्हणजे शेंगदाण्याचं तेल काढून उरते ती पेंड. गुरांना घालायची. हे त्यानं मला अगदी साध्या आवाजात सांगितलं, हवापाणी सांगावं तसं.

26 ऑक्टोबरला अल फाशेर आरएसएफच्या हाती गेलं. त्या सकाळी त्यानं आईला, बहिणीला आणि भावाला वेगवेगळा निरोप टाकला, "कुठे आहात?" व्हॉट्सॲपवर तिन्हींना एकच टिक, म्हणजे पोहोचलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तो फोन वर धरून ती टिक बघत बसायचा. मित्रा, ती राखाडी खूण इतकी बारीक असते हे मला तोवर माहीत नव्हतं.

2 नोव्हेंबरच्या उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना माझ्याकडे होती. मी सुदानसाठी प्रार्थना केली. शब्द चांगले आले. बाहेर पडताना दोघातिघांनी हात धरून म्हटलं, किती सुंदर प्रार्थना केलीस. आणि मला बरं वाटलं! मग दुपारी गायनाच्या तालमीत कुणाचा तरी सूर भलतीकडे गेला आणि आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. हसता हसता मला वरची खोली आठवली. पोटात खड्डा पडला. तेव्हा कळलं की 2023 मध्ये तुला काय झालं होतं.

त्यानंतर मी जे केलं ते तुला ओळखीचं वाटेल. कॅरम बंद. नाताळची गाणी या वर्षी नकोतच, असं म्हणून सगळ्या गायनवृंदाशी भांडलो. जेवताना कुणी मोठ्यानं हसलं की मी त्याच्याकडे बघायचो. रोज संध्याकाळी त्याच्या खोलीत जाऊन लांब चेहरा करून बसायचो. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र त्याच्यापाशी सात दिवस आणि सात रात्री गप्प बसले होते, त्यांचंच उदाहरण मनात होतं.

शुक्रवारी तो माझ्यावर चिडला. म्हणाला, "तुम्हाला सगळ्यांना झालंय काय? मी जेवायला आलो की टेबल गप्प होतं. घरी फोन लागत नाही, इथे कुणी बोलत नाही. मी जाऊ कुठे?" मला तोंड वर करवेना. त्यानं पलंगाखालून बोर्ड ओढला, सोंगट्या मांडल्या आणि स्ट्रायकर माझ्या हातात दिला. हात कापत होता माझा. पहिला फटका असा बसला की स्ट्रायकर बोर्डावरून उडून दाराशी ठेवलेल्या त्याच्या बुटात जाऊन पडला. सरळ बुटात! तो आधी हसला, मग मी. भिंतीला टेकून हसलो. आणि तेवढ्यात फोन थरथरला.

बहिणीच्या निरोपावर दोन टिका. बघता बघता निळ्या.

मग तिचा आवाज आला, चाळीसेक सेकंदांचा. ती आणि आई पायी ताविलाला पोहोचल्यात. साठेक किलोमीटर, बरंचसं रात्रीचं. तिथे कुणाकडे तरी उपग्रहावर चालणारं इंटरनेट आहे आणि त्याच्यासमोर रांग आहे. शेवटी ती त्याच्यावर ओरडली, "किती निरोप पाठवतोस! वाचता वाचता माझी पाळी संपेल." भाऊ वाटेत चुकला. त्याचं काही कळलेलं नाही.

त्यानं ते सात-आठ वेळा ऐकलं. रडत होता, आणि ती ओरडते तिथे प्रत्येक वेळी हसत होता. मग बुटात हात घालून स्ट्रायकर काढला आणि म्हणाला, "पाळी माझी."

मला तेव्हापासून सारखं बायबलमधलं, गालीलातल्या काना गावचं लग्न आठवतंय. त्या लग्नाच्या दिवशी गालीलात कुष्ठरोगी नव्हते का? रोमी सत्ता नव्हती? येशू तिथे गेला, जेवायला बसला, आणि सहा रांजण पाण्याचा द्राक्षारस केला. तोच येशू आपल्या मित्राच्या, लाजाराच्या कबरेपाशी रडला. आपण संडे स्कूलमध्ये ही दोन चित्रं शेजारी शेजारी रंगवली आहेत रे, आणि मी मात्र दोन आठवडे एकच धरून बसलो. "आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा" हे आपल्याला तोंडपाठ. पण ही दोन वेगळी माणसं असतील असं मी धरून चाललो होतो. शुक्रवारी ती दोन्ही माणसं एकाच पलंगावर बसली होती.

तुझी आई पंडिता रमाबाईंचं सांगायची ना? दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली, आणि पुढे 1896-97 च्या दुष्काळात बाईंनी शेकडो मुली आपल्याकडे आणल्या. त्या मुलींना वाचायला शिकवलं, विणायला शिकवलं, छापखान्यात उभं केलं. तेव्हा मला ती नुसती थोर बाईची गोष्ट वाटायची. आता वाटतं, भूक काय असते हे ठाऊक असलेली ही बाई त्या पोरींसमोर लांब चेहरा करून बसली नसणार.

म्हणून त्या केकबद्दल. तुला गिळवत नव्हतं, ते खरंच होतं. मी तेव्हा तुला दिखाऊ म्हणालो होतो, तो शब्द मागे घेतो, जवळजवळ तीन वर्षं उशिरा का होईना. आम्ही केक खाल्ला याचं मला आजही वाईट वाटत नाही. तुला एकट्याला जिना उतरू दिला, मागे कुणी आलं नाही, त्याचं वाटतं. मी यायला हवं होतं. माफ कर.

गायनवृंदाचीही माफी मागितली. गाणी होणार आहेत. तोही ऐकायला येतो म्हणाला, पुढच्या बाकावर बसणार म्हणतोय. आम्ही काही मुलांनी मिळून थोडे पैसे जमवलेत. त्याच्या आईसारखे लोक तिथे अजून स्वयंपाकघरं चालवतात, त्यांच्यापर्यंत कसे पोहोचवायचे ते तो विचारून सांगणार आहे. रक्कम लहान आहे.

तुझं सांग. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? मुलाखतीचं काय झालं? आणि तिनं उत्तर दिलं की नाही, ते एका ओळीत तरी कळव, माझा जीव टांगणीला आहे. सुट्टीत आलास की त्याची ओळख करून देतो. त्याच्याशी कॅरम खेळू नकोस, रडशील.

भावाच्या निरोपावर अजून एकच टिक आहे. आज सकाळी त्यानं एकविसावा टाकला, टाकताना मी शेजारी होतो. भावाला त्यानं माझ्या बुटातल्या फटक्याची गोष्ट लिहिली, सविस्तर. त्याच्यासाठी तूही प्रार्थना कर.

वरून सोंगट्यांचा आवाज येतोय. जातो.

तुझाच