आईच्या कॅसेटी आणि फुकटचं सॉफ्टवेअर

संपादक महोदय,

आईच्या ओव्यांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायच्या म्हणून मी महिनाभर सॉफ्टवेअर शोधत होतो, एका दुकानदाराने तर विकतचंच घ्या म्हणून गळ घातली, फुकटात काय मिळतं म्हणे! मिळतं की. ऑडॅसिटी २००० सालापासून फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, फक्त त्यांच्याच साइटवरून घ्या, मी आधी भलत्याच ठिकाणाहून उतरवलं आणि सोबत दोन नको ते प्रोग्रॅम आले.

दिसायला ते रुक्षच आहे, पण कॅसेटची खरखर काढायला झकास. ओवी सुरू व्हायच्या आधीची दोन सेकंदांची नुसती खरखर सिलेक्ट करायची, तिचा नमुना घ्यायला सांगायचं, मग सगळी फाइल सिलेक्ट करून नॉइज रिडक्शन चालवायचं. मी हावरटपणे २४ डेसिबल लावले तर आई विहिरीतून गातेय असं वाटायला लागलं, ९ वर आणलं तेव्हा कुठे जमलं. मागची कुकरची शिट्टी मात्र गेली नाही, राहू दे, आमच्या सदाशिव पेठेतल्या घरातलीच आहे ती.

आणि हो, नुसतं सेव्ह केलं तर प्रोजेक्ट फाइल होते, ती फोनवर वाजत नाही. एमपी३ साठी एक्स्पोर्ट करावं लागतं, मी आत्याला चुकीची फाइल पाठवून बसलो होतो. नुसतं कापाकापी करायची असेल तर ओसेनऑडिओ (ocenaudio) हे दुसरं सॉफ्टवेअर जास्त सोपं, मॅकवाल्यांना गॅरेजबँड फुकट असतंच.

एक वाचक, पुणे ३०